नंबर लागला का?

शुक्रवारी पहाटे साडेपाच वाजता तुम्ही काय करत असता? खरं सांगा. नॉर्मल माणसं गाढ झोपेत असतात, अतिउत्साही मंडळी पर्वतीच्या पायऱ्या चढत असतात आणि नाइट शिफ्टवाले कंपनीच्या कॅबमध्ये डुलक्या काढत असतात. माझा आतेभाऊ वर्षातल्या एका शुक्रवारी यातलं काहीच करत नाही. तो एक विटका केशरी टी-शर्ट घालतो, टीव्हीला लॅपटॉप जोडतो, समोर चहा गार होऊ देतो आणि सूटबूट घातलेला एक माणूस स्टेजवर येऊन नाव कधी वाचतो याची वाट बघत बसतो. मॅच नाही, स्कोअर नाही, चौका-छक्का नाही. फक्त नाव.

२५ एप्रिल २०२५ च्या पहाटे मीही त्याच्या शेजारी उशी कवटाळून बसले होते. आदल्या रात्री आत्याकडे जेवायला गेले आणि तिथेच राहिले, एवढाच माझा गुन्हा. दादाने पाच वाजता हलवून उठवलं. ‘चल, ड्राफ्ट सुरू होतोय.’ मला वाटलं, याने कुणाला तरी ईमेल लिहायला घेतलाय.

तर हा ड्राफ्ट म्हणजे एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा. तो हेल्मेटवाला, चेंडू बगलेत मारून पळायचा फुटबॉल. या लीगमध्ये ३२ टीम्स आहेत. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कॉलेजांतून बाहेर पडणारी पोरं या टीम्समध्ये वाटली जातात. सात फेऱ्या, तीन दिवस, अडीचशेच्या आसपास नावं. तुम्ही म्हणाल, आयपीएलचं ऑक्शन! नाही हो. ऑक्शनमध्ये पैसा बोलतो. इथे पाळी बोलते. आणि पाळी कशी ठरते, तर गेल्या मोसमात ज्याने सगळ्यात जास्त मार खाल्ला तो पहिला. सुपर बोल जिंकणारा सगळ्यात शेवटी. वर्गातल्या ‘ढ’ मुलाला पहिला पेढा!

हा फंडा बर्ट बेल नावाच्या माणसाचा. तो फिलाडेल्फिया ईगल्सचा मालक होता आणि चांगली पोरं त्याच्या पडेल टीमकडे फिरकतच नव्हती. सगळी न्यूयॉर्क, शिकागोच्या बड्या टीम्सकडे जायची. मग त्याने १९३५ मध्ये बाकीच्या मालकांना पटवलं आणि १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्याच एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. गंमत बघा, इतिहासातला पहिलावहिला निवडलेला खेळाडू, जे बरवँगर, एनएफएलमध्ये एकही मॅच खेळला नाही. पुढे तो फोम रबरच्या धंद्यात पडला. शुभारंभच असा.

१९८० मध्ये ईएसपीएन या नव्याकोऱ्या चॅनेलने ‘आम्ही हे टीव्हीवर दाखवतो’ म्हटलं, तेव्हा लीगवाल्यांनाच प्रश्न पडला होता की नावं वाचण्याचा कार्यक्रम बघणार कोण? उत्तर असं की २०२४ मध्ये डेट्रॉइटला तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक आले. २०२५ मध्ये ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात सहा लाख. दोन्ही आकडे लीगने जाहीर केलेले. आपल्याकडे विसर्जनाला होते तशी गर्दी, आणि तीही बघायला काय, तर पोरगा स्टेजवर येतो, टोपी घालतो, कमिशनरला मिठी मारतो आणि जातो.

त्या गर्दीत सगळ्यात जास्त कोण नटूनथटून येतं? ज्यांची टीम सगळ्यात वाईट आहे ते. यातलं मर्म मला दादामुळे कळलं.

दादा ऑगस्ट २०१४ मध्ये एमएस करायला क्लीव्हलंडला गेला. ओहायो राज्य, एरी सरोवराच्या काठावरचं शहर, थंडी अशी की नाकातले केस गोठतात (हे त्याचं वाक्य). तिथल्या टीमचं नाव क्लीव्हलंड ब्राउन्स. तो पोहोचला तेव्हा अख्ख्या गावात जॉनी मॅन्झिएल या नावाच्या जर्स्या होत्या. मे महिन्यातल्या ड्राफ्टमध्ये २२ व्या नंबरवर निवडलेला हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू. आता आपले दिवस पालटणार, असं बसमधली आजीसुद्धा दादाला सांगायची. दोन मोसमांत मॅन्झिएल टीमबाहेर. मैदानावर चमक नाही आणि मैदानाबाहेर भानगडी.

ब्राउन्सच्या फॅन्सना हे नवीन नव्हतं. शहरात एका खिडकीत टिम काउच नावाच्या क्वार्टरबॅकची जर्सी टांगलेली असायची. काउच म्हणजे १९९९ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर. जर्सीवर त्याच्या नावाखाली त्याच्यानंतर आलेल्या प्रत्येक क्वार्टरबॅकचं नाव चिकटवलेलं. यादी लांबत लांबत पार खाली गेलेली. दादाने त्या जर्सीसमोर सेल्फी काढून आम्हाला पाठवला होता. आत्याने विचारलं, ‘हे काय, मतदार यादी आहे का?’

२०१६ मध्ये ब्राउन्स १६ पैकी एक मॅच जिंकले. २०१७ मध्ये शून्य. सोळाच्या सोळा हरले. मग ६ जानेवारी २०१८ ला, मरणाच्या थंडीत, काही हजार फॅन्सनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली! निषेध म्हणा, श्राद्ध म्हणा, पण फूड बँकेसाठी पैसेही जमवले. दादा होता त्यात. त्याने कान झाकून, दात वाजवत व्हिडिओ कॉल केला आणि काय म्हणाला माहितीय? ‘अगं, पण एप्रिलमध्ये पहिला नंबर आपला!’

आपला. चार वर्षांत हा माणूस ‘त्यांची टीम’वरून ‘आपली’वर आला होता.

आता जरा तयारीबद्दल. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला ही सगळी पोरं गोळा करतात. त्याला कम्बाइन म्हणतात. कॅम्पस प्लेसमेंट आठवतंय ना? अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट, जीडी, मग ‘भाऊ’ ब्लेझर घालून इंटरव्ह्यू? तसंच, फक्त इथे अर्ध्या चड्डीवर. ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत पळतोस. १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतोस. उडी किती. उंची किती. आणि चक्क वीत मोजतात! अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. २०२० मध्ये जो बरो या पोराची वीत नऊ इंच भरली, तर चेंडू निसटेल का, यावर मोठमोठ्या लोकांनी चर्चा झोडल्या. बरोने ट्विटरवर स्वतःचीच टिंगल केली की एवढ्याशा हातांनी आता रिटायरच व्हावं म्हणतो. त्या वर्षी पहिला नंबर त्याचाच लागला आणि दोन वर्षांच्या आत तो टीमला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

मार्च-एप्रिलभर फॅन्सचा मुख्य उद्योग म्हणजे मॉक ड्राफ्ट. लुटुपुटूचा ड्राफ्ट. कोण कुणाला घेणार याची यादी करायची, दुसऱ्या दिवशी खोडायची, परत करायची. मेल कायपर नावाचा गृहस्थ १९८४ पासून टीव्हीवर हेच करतोय आणि त्यावर त्याचं उत्तम चाललंय. दादाकडे याची एक्सेल शीट आहे. रंगीत. फिल्टर लावलेली. ऑफिसच्या अप्रेझल शीटवर त्याने एवढे कष्ट घेतले असते तर आज मॅनेजर असता, हे माझं नाही, आत्याचं मत.

बरं, एवढं सगळं करून कळतं का काही? इथेच तर मजा आहे. कळत नाही. कुणालाच.

२०१७ चा ड्राफ्ट घ्या. जॉन रॉस नावाच्या पोराने कम्बाइनमध्ये ४० यार्ड ४.२२ सेकंदांत पळून तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटीने त्याला नवव्या नंबरवर उचललं. तो पुढे फारसा काही करू शकला नाही. दहावा नंबर कुणाचा लागला? पॅट्रिक माहोम्स. ज्याने त्यानंतर कॅन्सस सिटीला तीन सुपर बोल जिंकून दिले. त्याआधी शिकागोने तर तिसऱ्या नंबरवरून दुसऱ्यावर सरकायला वरचे आणखी नंबर देऊन मिच ट्रुबिस्कीला घेतलं होतं. माहोम्स समोर असताना!

आणि सगळ्या कथांची आजी म्हणजे टॉम ब्रेडी. २००० साल, सहावी फेरी, १९९ वा नंबर. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. ब्रेडी सात सुपर बोल जिंकून थांबला. ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा. शेवटच्या पोराला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ असा किताब देतात, म्हणजे मिस्टर बिनकामाचे. हे बिनकामाचे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुपर बोल खेळत होते. (हसू नका. आपल्याकडे २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या वर्षी अंडर-नाइन्टीन पोरांचा असाच ड्राफ्ट झाला. दिल्लीची पाळी आधी होती. घरचा विराट कोहली समोर असताना त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं.)

रिचर्ड थेलर हे अर्थशास्त्रातले नोबेलवाले. त्यांनी आणि केड मॅसी यांनी या ड्राफ्टचाच अभ्यास केलाय. एकाच पोझिशनचे दोन खेळाडू घ्या, एक आधी निवडलेला, दुसरा लगेच त्याच्यानंतर. आधीचा जास्त चांगला निघण्याची शक्यता किती? ५२ टक्के. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेच. कोट्यवधी डॉलर, शेकडो स्काउट, वीत मोजणारे तज्ज्ञ, आणि उत्तर छापा-काटा! मी हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘माहितीय. म्हणूनच तर.’

म्हणूनच तर काय? वाक्य पूर्ण केलं नाही त्याने.

फॅन्सना कळत असतं तर १९९९ मध्ये फिलाडेल्फियाहून आलेल्या टोळक्याने न्यूयॉर्कमध्ये भर हॉलमध्ये डॉनोव्हन मॅकनॅबची हुर्यो उडवली नसती. त्यांना रिकी विल्यम्स हवा होता. बावीस वर्षांचा पोरगा आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी टोपी घालून उभा आणि त्याचेच लोक त्याला ओरडून घालवतायत. पुढे त्याच मॅकनॅबने ईगल्सना सुपर बोलपर्यंत नेलं. आणि विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्सचे कोच माइक डिट्का यांनी त्या वर्षीच्या ड्राफ्टमधल्या आपल्या सगळ्या पाळ्या देऊन टाकल्या, वर पुढच्या वर्षीच्या दोन. मग एका मासिकाच्या कव्हरवर दोघं नवरा-नवरीच्या वेशात झळकले. विल्यम्स पांढऱ्या गाऊनमध्ये. तो मोसम संपला, न्यू ऑर्लिन्स १६ पैकी तीन जिंकले होते आणि डिट्कांना नारळ मिळाला.

तर आता ते मला सांगायचंय, जे दादा स्वतःहून कधी बोलत नाही.

एमएस झाल्यावर अमेरिकेत राहायचं तर एच-वन-बी व्हिसा लागतो आणि त्यासाठी तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला लॉटरी निघायची. अक्षरशः लॉटरी. जागा ८५ हजार, त्यातल्या २० हजार तिथे मास्टर्स केलेल्यांसाठी. २०१७ मध्ये अर्ज आले १ लाख ९९ हजार. मार्क्स, अनुभव, बॉसचं कौतुकपत्र, काही उपयोग नाही. कॉम्प्युटर नंबर काढणार. दादाच्या हातात तीन एप्रिल होते. २०१६. २०१७. २०१८. दरवर्षी एकाच महिन्यात तो दोन गोष्टींची वाट बघायचा, ब्राउन्स कुणाला घेतात याची आणि आपल्याला कुणी घेतं का याची. आत्या रोज फोनवर विचारायची, ‘नंबर लागला का रे?’ तो म्हणायचा, ‘अजून नाही. पण पुढच्या वर्षी आमचा पहिला आहे.’ आत्याला कळायचंच नाही हा कशाबद्दल बोलतोय.

२६ एप्रिल २०१८ ला ब्राउन्सनी पहिल्या नंबरवर बेकर मेफिल्डला घेतलं. दादाचा अर्ज तेव्हा कुठल्या तरी ढिगात होता. सप्टेंबरात मेफिल्ड पहिल्यांदा मैदानात उतरला आणि ब्राउन्स ६३५ दिवसांनी एक मॅच जिंकले. गावातल्या बारमध्ये बियरचे फ्रीज साखळदंड लावून ठेवले होते, जिंकल्याशिवाय उघडायचे नाहीत. त्या रात्री ते धाडकन उघडले. दादा तिथे होता, अनोळखी लोकांच्या गळ्यात पडत होता. त्याचं पाकीट मात्र जुलैतच परत आलं होतं. न उघडलेलं वाटावं इतकं कोरं, म्हणाला. निवड नाही.

२०१९ मध्ये तो पुण्याला परत आला. आता हिंजवडीत चांगल्या हुद्द्यावर आहे, फ्लॅट आहे, सगळं व्यवस्थित आहे. क्लीव्हलंडचं उरलं काय, तर तो टी-शर्ट आणि ती शीट.

जानेवारी २०२१ मध्ये ब्राउन्सनी प्लेऑफमध्ये पिट्सबर्गला ४८-३७ हरवलं तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ होती. दादाने स्टँडअप कॉल म्यूटवर टाकून उड्या मारल्या. मग मार्च २०२२ मध्ये टीमने काय केलं? मेफिल्डला बाजूला सारून ह्यूस्टनचा डिशॉन वॉटसन आणला. त्याला २३ कोटी डॉलरचं पूर्ण हमीचं कंत्राट दिलं. तेव्हा वॉटसनवर वीसहून जास्त महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दावे लावलेले होते. त्याने ते नाकारले, पण लीगने पुढे ११ मॅचची बंदी घातली. आणि त्याच्या बदल्यात ब्राउन्सनी २०२२, २०२३ आणि २०२४ अशा तीन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या ह्यूस्टनला दिल्या.

एक तर असला माणूस आणलात. त्यावर दादा कितीतरी दिवस धुमसत होता आणि बरोबरच होतं त्याचं. पण मला खरं लागलं ते दुसरंच. पुढची तीन वर्षं त्या शुक्रवारी पहाटे तो उठला नाही. पाळीच नव्हती ना. हरलेल्या टीमच्या फॅनकडे असतं काय हो? एक एप्रिल असतो. तोच या लोकांनी विकून टाकला, तोही तीन वर्षांचा आगाऊ.

म्हणून २०२५ मोठं होतं. ब्राउन्सकडे दुसरा नंबर होता. दादाच्या शीटमध्ये हिरव्या रंगात एकच नाव, ट्रॅव्हिस हंटर. चेंडू पकडतोही आणि दुसऱ्याला पकडू देतही नाही, दोन्ही बाजूंनी खेळणारा अजब पोरगा. पहिला नंबर टेनेसीने कॅम वॉर्डला घेतलं. दादाने चहाचा कप खाली ठेवला. आणि स्क्रीनवर पट्टी आली. ट्रेड! ब्राउन्सनी आपली पाळी जॅक्सनव्हिलला देऊन टाकली. बदल्यात पाचवा नंबर, आणखी काही खालचे नंबर आणि २०२६ ची त्यांची पहिल्या फेरीची पाळी. हंटर गेला जॅक्सनव्हिलला.

मी दादाकडे बघितलं. मला वाटलं आता रिमोट फेकणार. तो शांतपणे लॅपटॉपकडे सरकला आणि शीटमध्ये नवीन टॅब उघडला. नाव दिलं ‘२०२६’. ‘दोन पाळ्या,’ म्हणाला. ‘पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत आपल्या दोन.’ पाचव्या नंबरवर मेसन ग्रॅहम हा धिप्पाड बचावपटू आला, त्याच्याकडे याचं अर्धंच लक्ष होतं.

पण त्या वर्षीची खरी गोष्ट वेगळीच होती. शेडूर सँडर्स. डिऑन सँडर्स या दिग्गजाचा मुलगा, कॉलेजात नावाजलेला क्वार्टरबॅक. कितीतरी मॉक ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत. पहिली फेरी संपली, तो घरीच बसलेला. शनिवारी पहाटे साडेचारला दुसरी-तिसरी फेरी सुरू झाली, तीही संपली. ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत क्वार्टरबॅक घेतला, पण डिलन गॅब्रिएलला. टीव्हीवरचे तज्ज्ञ अवाक. कुणी म्हणे पोराला माज आहे, कुणी म्हणे बाप नडला. मला एकदम आमच्या कॉलेजचा प्लेसमेंट डे आठवला. संध्याकाळी सात वाजता कॉरिडॉरमध्ये फक्त आम्ही तिघं उरलो होतो आणि शिपाई दिवे मालवत होता. आमच्यातला एक तर टॉपर होता.

शनिवारी रात्री साडेनऊला उरलेल्या फेऱ्या सुरू झाल्या. मी घरी जाणार होते, गेले नाही. जेवणं झाली, ताटं तशीच. आत्याही येऊन बसली, कारण दोन दिवस ‘तो बिचारा’ एवढंच तिच्या कानावर पडत होतं. तिला खेळ कळत नाही, पण वाट बघणं कळतं. चौथी फेरी गेली. अकरा वाजले तशी ती उठली आणि आत जाऊन आडवी झाली. दिवा मात्र चालू ठेवला.

पाचवी फेरी. १४४ वा नंबर. ब्राउन्स. शेडूर सँडर्स.

दादा ओरडला नाही. दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता बसून राहिला. एकाच वर्षी दोन क्वार्टरबॅक घेणं हा शुद्ध येडेपणा आहे, असं नंतर अर्धा तास तो मला पटवून देत होता. डोळे मात्र चमकत होते.

आतून आत्याचा आवाज आला, ‘लागला का रे त्या पोराचा नंबर?’

‘लागला,’ दादा म्हणाला. ‘आपल्याकडेच.’

‘बरं झालं. आता झोपा.’

तो ‘हो’ म्हणाला आणि ‘२०२६’ च्या टॅबवर पहिलं नाव टाइप करायला लागला.